गावाचा नियम, राज्याचं कुलूप

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे, पण ऐकाल तर ओळखीचा वाटेल.

१९८५ नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या एकामागून एक राज्यांनी सार्वजनिक जागी धूम्रपानावर निर्बंध घालणारे कायदे केले. यातल्या बऱ्याच कायद्यांच्या मागे सिगारेट कंपन्या होत्या. त्यांचे वकील मसुदा बघून देत होते आणि त्यांची माणसं आमदारांच्या दारात बसून तो मंजूर करून घेत होती. सिगारेट विकणाऱ्यांनी सिगारेटवर निर्बंध आणावेत, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. चूक नव्हती. अशा कायद्याची सुरुवातीची कलमं वाचायची आणि मग थेट शेवटच्या पानावर जायचं. तिथे एक-दोन ओळींचं एक कलम असतं. त्याचा मतलब असा: या विषयावर यापुढे राज्यातल्या कोणत्याही शहराने, जिल्ह्याने किंवा आरोग्य मंडळाने यापेक्षा कडक नियम करू नये, आणि केला तर तो चालणार नाही.

कंपन्यांना हवी होती ती ही ओळ. बाकीचा कायदा म्हणजे तिच्यावरचं वेष्टन.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन सांगतो. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं. उभी बाटली की आडवी बाटली. महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगायचं तर, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. यासाठी बायका महिनोन् महिने घरोघर फिरतात, सह्या जमवतात, धमक्या सोसतात. आता अशी कल्पना करा, की आडवी बाटली शेकडो गावांत जिंकत चालली आहे, आणि त्याच वेळी विधानसभेत एक कायदा येतो. नाव त्याचं 'राज्य मद्यनियंत्रण कायदा'. त्यात लिहिलंय, दुकानात दारूबंदीचा फलक लावावा, शाळेसमोर दुकान नको, वगैरे. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'दारूवर निर्बंध'. आणि शेवटच्या कलमात लिहिलेलं असतं, की यापुढे गावाने मतदान घेऊ नये. मंत्री हार घालून घेतात आणि गावातल्या बायकांच्या हाती काहीच राहत नाही. अमेरिकेत तंबाखूच्या बाबतीत हेच झालं.

तिकडे या तंत्राला 'प्रीएम्प्शन' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द जमिनीच्या वकिलांना माहीत आहे. शेजाऱ्याला जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क, म्हणजे अग्रक्रयाधिकार, ज्याला जुन्या कागदांत शुफा म्हणत. तिकडे अर्थ वेगळा आहे. वरच्या सरकारने मैदान आधीच अडवून ठेवायचं, म्हणजे खालच्याला खेळायला जागाच उरत नाही. मी आज त्याला 'कुलूप' म्हणेन, सोपं पडेल.

राज्याला असं कुलूप लावता येतं कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही. आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये एका रेल्वेच्या खटल्यात सांगून टाकलं, की नगरपालिका हे विधिमंडळाचं अपत्य आहे. विधिमंडळ तिला जन्म देतं आणि त्याला वाटलं तर तिचं अस्तित्व संपवूही शकतं. पुढे अनेक राज्यांनी आपल्या घटनांत शहरांना स्वयंशासनाचे थोडेफार अधिकार दिले. पण मुळातला सांगाडा डिलनसाहेबांचाच राहिला.

सिगारेट कंपन्यांनी कुलपाचा पहिला धडा दिल्लीत, म्हणजे त्यांच्या दिल्लीत, वॉशिंग्टनमध्ये गिरवला. ११ जानेवारी १९६४ रोजी सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा अहवाल आला. सिगारेटने फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे सरकारने अधिकृतपणे मान्य केलं. व्यापार आयोग लगेच पाकिटांवर आणि जाहिरातींत कडक इशारा छापायला लावण्याच्या तयारीला लागला. राज्यंही हालचाल करू लागली. १९६५ मध्ये संसदेने कायदा केला. पाकिटावर एक सौम्य इशारा आला: सिगारेट ओढणं तुमच्या आरोग्याला घातक असू शकतं. 'असू शकतं', एवढंच. त्याच कायद्याने राज्यांना आणि काही वर्षांसाठी व्यापार आयोगालाही वेगळा इशारा सक्तीचा करण्यापासून अडवलं. त्यातून कंपन्यांना एक सोय कळली. थोडं द्यायचं आणि त्या बदल्यात बाकीच्यांचे हात बांधून घ्यायचे.

पण सत्तरच्या दशकात लढाई भलत्याच जागी सुरू झाली. १९७१ मध्ये मेरीलँडमध्ये क्लारा गूइन या गृहिणीने 'गॅस्प' नावाची संघटना काढली, धूम्रपान न करणाऱ्यांच्या हक्कांसाठी. अशा छोट्या संघटना गावोगाव उगवल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: तू ओढतोस ते तुझं, पण धूर माझ्या नाकात का? १९७३ मध्ये ॲरिझोनाने काही सार्वजनिक जागांत बंदी घातली, १९७५ मध्ये मिनेसोटाने जास्त व्यापक कायदा केला, आणि १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने उपाहारगृहांतल्या धूम्रपानावर स्वतःचा नियम केला.

१९७८ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने, टोबॅको इन्स्टिट्यूटने, रोपर या संस्थेकडून एक जनमत पाहणी करून घेतली. पाहणीचा निष्कर्ष असा, की दुसऱ्याच्या धुराने आपल्याला अपाय होतो ही लोकांच्या मनातली समजूत हा उद्योगाच्या अस्तित्वाला आजवरचा सर्वांत मोठा धोका आहे. लक्षात घ्या, हे तीन वर्षं आधीचं आहे. जपानच्या हिरायामा यांचा गाजलेला अभ्यास १९८१ चा. नवरा सिगारेट ओढतो आणि बायको ओढत नाही, अशा बायकांतही फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं. विज्ञान पुढे यायच्या आधीच कंपन्यांना लोकांचा कल कळला होता.

कॅलिफोर्नियातल्या कार्यकर्त्यांनी १९७८ आणि १९८० मध्ये अख्ख्या राज्यासाठी निर्बंध आणायचा दोनदा प्रयत्न केला, थेट जनमताने. दोन्ही वेळा कंपन्यांनी लाखो डॉलर ओतले आणि दोन्ही प्रस्ताव पडले. यातून ही मंडळी एक गोष्ट शिकली: राज्यभर दूरदर्शनवर जाहिराती द्यायला आपल्याकडे पैसा नाही, तेव्हा आपण शहराशहरांत जाऊ. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने कार्यालयांमधल्या धुराबद्दल नियम केला. कंपन्यांनी सह्या गोळा करून तो मतदानाला टाकायला लावला आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च केला. तरीही नियम टिकला. अगदी काठावर, पण टिकला.

असं का व्हायचं, ते सगळ्यांत स्पष्ट सांगितलं व्हिक्टर क्रॉफर्ड यांनी. हे मेरीलँडचे माजी राज्य सिनेटर, नंतर टोबॅको इन्स्टिट्यूटचे पगारी लॉबीस्ट. स्वतः सिगारेट ओढणारे. घशाचा कर्करोग झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं. १९९५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले ते थोडक्यात असं: गावपातळीवर आम्ही कधीच जिंकू शकत नव्हतो. तिथे आरोग्यवाला कार्यकर्ता महापौराच्या शेजारी राहतो, नगरसेवक कुणाचा तरी मेहुणा असतो. सभागृहात त्यांचे मित्र आणि शेजारी बसलेले असतात, आणि आमच्यासारखा बाहेरगावचा बडा माणूस आला की ते विचारतात, हा कोण आम्हाला शिकवणारा? म्हणून आमचा पहिला डाव नेहमी विषय वर उचलून न्यायचा. जमलं तर वॉशिंग्टनला, नाही तर राज्याच्या राजधानीत. तिथे ते आमच्यापुढे टिकत नाहीत. क्रॉफर्ड १९९६ च्या मार्चमध्ये वारले.

मला या कबुलीतला 'मेहुणा' फार महत्त्वाचा वाटतो. आपण स्थानिक राजकारण म्हटलं की नाक मुरडतो, नातीगोती, ओळखीपाळखी म्हणतो. इथे तीच नातीगोती जगातल्या सर्वांत श्रीमंत उद्योगांपैकी एकाला भारी पडत होती.

मग १९८५ मध्ये फ्लोरिडाचा कायदा आला, शेवटच्या कलमासकट. ओक्लाहोमा आणि पेनसिल्व्हेनिया ऐंशीच्या दशकातच त्या वाटेने गेले. १९९२ मध्ये तर गंमतच झाली. ओक्लाहोमाचे खासदार माइक सायनर यांनी संसदेत एक चांगली दुरुस्ती मंजूर करून घेतली: अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी करणारा कायदा प्रत्येक राज्याने केलाच पाहिजे, नाही तर केंद्राचं काही अनुदान कापलं जाईल. राज्यांना कायदा करणं भाग पडलं. कंपन्यांची माणसं मसुदा हातात घेऊन हजर. मुलांना विक्रीबंदी हवी ना? घ्या. फक्त खाली हे एवढं कलम राहू द्या. अनेक राज्यांत ते राहिलं, सायनर यांच्या स्वतःच्या ओक्लाहोमातही.

आता मी तुम्हाला नॉर्थ कॅरोलायनात नेतो. हे तंबाखूचं माहेरघर. विन्स्टन-सेलम हे शहराचं नाव आहे आणि दोन सिगारेटींचंही. डरहॅममध्ये ड्यूक घराण्याने तंबाखूवर साम्राज्य उभं केलं. तिथे आजोबांच्या शेतात तंबाखू, वडील कारखान्यात आणि चर्चला देणगी कंपनीची, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. अशा राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे, जिथे लॉरिलार्ड कंपनीचा मोठा सिगारेट कारखाना होता. तिथल्या काही नागरिकांनी सह्या जमवल्या आणि १९८९ मध्ये धूम्रपानाच्या निर्बंधाचा प्रश्न शहराच्या मतदानाला लावला. तो अगदी थोड्या मतांनी मंजूर झाला. कारखान्याच्या बाजूच्या लोकांना हे पचलं नाही. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि नियम रद्द करण्यासाठी १९९१ मध्ये पुन्हा मतदान घ्यायला लावलं. या वेळीही नियम टिकला. दोन वर्षं लोकांनी एकमेकांशी भांडून, चहाच्या, म्हणजे तिकडे कॉफीच्या, टेबलांवर वाद घालून आपलं मत बनवलं होतं.

तंबाखूच्या राजधानीत हे होऊ शकतं म्हटल्यावर राजधानी रॅलेमध्ये चक्रं फिरली. १९९३ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्यात राज्याच्या ताब्यातल्या इमारतींत किमान वीस टक्के जागा धूम्रपानासाठी राखून ठेवावी, अशी तरतूद होती. नीट ऐका. धूम्रपान करणाऱ्यांसाठी जागा राखण्याची सक्ती. आणि १५ ऑक्टोबर १९९३ नंतर कोणत्याही स्थानिक संस्थेने या कायद्यापेक्षा कडक नियम करायचा नाही. आरोग्याच्या क्षेत्रातली मंडळी या कायद्याला 'घाणेरड्या हवेचा कायदा' म्हणू लागली.

पण जुलै ते १५ ऑक्टोबर या तीन महिन्यांची फट राहिली होती, आणि त्या फटीतून जे झालं ते वाचून मला फार आनंद झाला होता. जिल्ह्याजिल्ह्यांतली आरोग्य मंडळं म्हणजे कोण? एखादा डॉक्टर, एखादा दंतवैद्य, पशुवैद्य, परिचारिका, औषधवाला, चार सामान्य नागरिक. महिन्यातून एकदा भेटणारी, विहिरीच्या पाण्यावर आणि पिसाळलेल्या कुत्र्यांवर ठराव करणारी माणसं. त्यांनी दार बंद व्हायच्या आत नियम करायचा सपाटा लावला. कायद्याआधी अख्ख्या राज्यात जेमतेम दीड डझन स्थानिक नियम होते. या तीन महिन्यांत ऐंशीच्या वर नवे झाले.

त्यातला एक हॅलिफॅक्स जिल्ह्याचा. या मंडळाने समजूतदारपणा दाखवला. सगळ्यांवर एकदम घाव नको म्हणून काही लहान उपाहारगृहांना आणि बारना सवलत दिली. त्याच जिल्ह्यातलं रोअनोक रॅपिड्स शहर या नियमाविरुद्ध न्यायालयात गेलं. १९९६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने नियम रद्द केला. कारण काय दिलं? आरोग्य मंडळाने फक्त आरोग्याचा विचार करायचा. धूर जर लहान हॉटेलातही तितकाच घातक असेल, तर त्याला सवलत देताना मंडळाने धंद्याचा, सोयीचा विचार केला, आणि धोरणाची अशी तोलामापी हे लोकनियुक्त विधिमंडळाचं काम. म्हणजे नियम कडक होता म्हणून नव्हे, मऊ होता म्हणून पडला. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. पण परिणाम असा झाला, की मुदतीत केलेल्या बाकीच्या नियमांवरही टांगती तलवार आली. आणि दुरुस्त करून पुन्हा करावा म्हटलं, तर तारीख उलटून गेलेली.

पुढची सोळा वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या शहरांना स्वतःच्या उपाहारगृहांतली हवा ठरवण्याचा अधिकार नव्हता. गिऱ्हाईक हॉटेल निवडू शकतं, धूर आवडला नाही तर उठून जाऊ शकतं. ताटं वाहणारी वेट्रेस आठ तास तिथेच असते. त्या सोळा वर्षांत तिच्या वतीने गावच्या सभेत उभं राहून बोलायचं ठरवलं असतं, तर सभेला उत्तर एकच देता आलं असतं: आमच्या हातात नाही.

कुलपाचं खरं नुकसान मला इथे दिसतं. कायदा कडक की सौम्य हा एक भाग झाला. पण ग्रीन्सबरोत दोन वर्षं जी भांडणं झाली, त्यातून लोक शिकले. धूर म्हणजे काय, कारखान्यातल्या नोकरीचं काय, शेजाऱ्याचा हक्क कुठे संपतो, हे त्यांनी वर्तमानपत्रातल्या पत्रांतून आणि चर्चच्या अंगणात ठरवलं. कुलूप लागल्यावर हे शिकणंच थांबतं. जिथे काही ठरवायचंच नाही, तिथे कुणी सभेला कशाला येईल?

कंपन्यांना हे पक्कं माहीत होतं. १९९८ च्या तडजोडीनंतर त्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रं खुली झाली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाने ती संगणकावर ठेवली. कुणालाही वाचता येतात, मीही तासन् तास त्यात हरवलो आहे. त्यात फिलिप मॉरिसच्या एका अधिकाऱ्याचं १९९४ चं भाषण आहे. त्यात सरळ म्हटलंय, की राज्यव्यापी कुलपाचे कायदे आणून आपण लढाई गावांतून उचलून विधिमंडळांत नेऊ शकतो, जिथे आपली बाजू भक्कम आहे. क्रॉफर्ड आजारपणात जे बोलले, तेच कंपनीचा माणूस धडधाकट असताना सभेत सांगत होता.

त्याच १९९४ मध्ये फिलिप मॉरिसने कॅलिफोर्नियात मोठा डाव टाकला. प्रस्ताव क्रमांक १८८. समितीचं नाव ठेवलं 'राज्यव्यापी धूम्रपान निर्बंधांसाठी कॅलिफोर्नियाचे नागरिक' या अर्थाचं. फलकांवर लिहिलेलं, कडक राज्यव्यापी निर्बंध हवेत, होय म्हणा. सह्या करणाऱ्या कित्येकांना वाटलं, आपण सिगारेटविरुद्ध सही करतोय. प्रत्यक्षात हा प्रस्ताव राज्यातल्या दोनशेहून जास्त शहरांचे आणि जिल्ह्यांचे कडक नियम पुसून टाकणार होता. लोकांना बातमी लागली, की पैसा सिगारेट कंपनीचा आहे. नोव्हेंबरमध्ये सुमारे ७१ टक्के मतदारांनी तो फेकून दिला. पंधरा वर्षं गावोगावच्या सभांना बसलेला मतदार होता तो. त्याला फसवणं अवघड गेलं.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की वरचा कायदा खालच्यावर चढणं नेहमीच वाईट का? याच ग्रीन्सबरोचं उत्तर आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथल्या वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि त्यांना वाढायला नकार मिळाला. त्या काळी गावोगावचा कल त्यांच्या विरुद्ध होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वॉशिंग्टनहून येऊन तो मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता. तेव्हा 'गावाचं ते सगळं चांगलं' असं माझं म्हणणं नाही. फरक असा आहे, की नागरी हक्क कायद्याने जमीन आखून दिली: याच्या खाली कुणी जायचं नाही, वर हवं तितकं जा. तंबाखूच्या कुलपाने छत घातलं: याच्या वर कुणी जायचं नाही.

हॉटेलवाल्यांची बाजूही पोकळ नव्हती. माझ्या शहरात बंदी, रस्त्यापलीकडच्या शहरात नाही, गिऱ्हाईक पलीकडे जाणार, ही भीती खरी होती. त्याला उपाय राज्यभर एकसारखी पूर्ण बंदी हा होता. पण तसा उपाय घेऊन सिगारेट कंपन्या कधीच आल्या नाहीत.

हळूहळू कुलपं निघू लागली. डेलावेअरने २००२ मध्ये बारसकट पूर्ण बंदी केली. इलिनॉयने २००५ मध्ये शहरांचे हात मोकळे केले, त्याच डिसेंबरात शिकागोने आपला नियम केला, आणि २००८ च्या १ जानेवारीला अख्खं राज्य धूरमुक्त झालं. शहर पुढे गेलं की राज्य मागून येतं, हा क्रम पुन्हा दिसला. नॉर्थ कॅरोलायनात ह्यू हॉलिमन हे फुफ्फुसाच्या कर्करोगातून वाचलेले आमदार वर्षानुवर्षं विधेयक मांडत राहिले. अखेर मे २००९ मध्ये राज्यपाल बेव्ह पर्ड्यू यांनी सही केली आणि २ जानेवारी २०१० पासून उपाहारगृहं आणि बार धूरमुक्त झाले. स्थानिक संस्थांना काही अधिकार परत मिळाले, सगळे नाहीत. त्या पहिल्या वर्षात हृदयविकाराच्या झटक्याने आपत्कालीन कक्षात येणाऱ्यांचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटल्याचं राज्याच्या आरोग्य खात्याने नोंदवलं. सगळं श्रेय एकट्या कायद्याला देऊ नये. पण हा आकडा नजरेआड करण्यासारखाही नाही.

फ्लोरिडाची गोष्ट मात्र लांबली. २००२ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त करून कामाच्या बंदिस्त जागा धूरमुक्त केल्या. कुलूप तसंच राहिलं. सॅरासोटा शहराने आपल्या समुद्रकिनाऱ्यावर सिगारेट बंद करायचं ठरवलं, तर न्यायालयाने सांगितलं, हा विषय तुमचा नाही. शहरांना आपल्या वाळूवर नियम करायची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. म्हणजे १९८५ पासून सदतीस वर्षांनी. त्यातही फिल्टर नसलेले सिगार वगळून.

आपल्याकडे याचं प्रतिबिंब शोधायचं तर २००२ मध्ये जावं लागेल. महाराष्ट्राच्या अन्न प्रशासनाने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. गुटखा उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. २ ऑगस्ट २००४ रोजी, गोदावत पान मसाला या खटल्यात, न्यायालयाने बंदी रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्याचा हा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक संकटापुरता आहे, कायमच्या बंदीचा निर्णय केंद्राचा, आणि तंबाखूसाठी २००३ चा खास केंद्रीय कायदा झालेला आहे, असा निकालाचा रोख होता. त्या केंद्रीय कायद्याच्या सुरुवातीलाच तंबाखू उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेतल्याची घोषणा आहे. सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत आणि तंबाखू उद्योग केंद्राच्या हातात, अशी ही ओढाताण. गोव्याने तर १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता, केंद्राच्या सहा वर्षं आधी.

आपल्याकडे वाट पुन्हा उघडली ती अन्नाच्या दाराने. अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन असता कामा नये, असा केंद्रीय नियम २०११ मध्ये आला. त्याचा आधार घेऊन १ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशाने गुटखाबंदी केली, जुलैत महाराष्ट्राने. २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरांवर बंदी घालताना केंद्रीय कायद्यालाच राज्यापुरती दुरुस्ती जोडली आणि राष्ट्रपतींची संमती घेतली. पानटपरीवर आज काय मिळतं ते तुम्हीही बघता, मीही बघतो. तो अंमलबजावणीचा विषय वेगळा. पण आपल्या घटनेत राज्याला वर जाऊन संमती मागायची एक वाट तरी आहे. रोअनोक रॅपिड्सच्या शेजारच्या त्या आरोग्य मंडळाला तशी वाट नव्हती.

अमेरिकेत हा खेळ संपलेला नाही. फक्त माल बदलला. आता वाद फळांच्या आणि मिठायांच्या स्वादाच्या ई-सिगारेटींचा आहे. शीतपेयवाल्यांनीही हे तंत्र उचललं. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये त्यांनी साखरेच्या पेयांवर नवा स्थानिक कर लावायला बारा वर्षांची मनाई मिळवली. ओहायोत कोलंबस शहराने स्वादाच्या तंबाखूवर बंदी घातली आणि ती १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. राज्याच्या विधिमंडळाने शहरांचा हा अधिकार काढून घेणारा कायदा दोनदा मंजूर केला. राज्यपाल माइक डिवाइन यांनी, सत्ताधारी पक्षाचेच असून, दोनदा नकाराधिकार वापरला. दुसऱ्या वेळी विधिमंडळाने तो बहुमताने मोडून काढला, शेवटचं मतदान जानेवारी २०२४ मध्ये, कोलंबसची बंदी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. शहरं न्यायालयात गेली. त्यांनी आधार घेतला १९१२ मध्ये ओहायोच्या राज्यघटनेत घातलेल्या स्वयंशासनाच्या कलमाचा. कोलंबसच्या जिल्हा न्यायाधीशांनी शहरांच्या बाजूने निकाल दिला आणि राज्याने अपील केलं.

पुढच्या भागात आपण निपाणीला जाणार आहोत, १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाकडे. तिथल्या कुणाकडे त्या काळच्या आठवणी असतील, तर जरूर कळवा.